काय वाचवायचं ते आधी सांगा

"ह्यातलं काय वाचवायचं, ते आधी सांगा," कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री म्हणाले आणि मी नुसतीच त्यांच्याकडे बघत राहिले.

वस्तू वीतभरही नव्हती. मामाच्या जुन्या पाइपचा तोंडात धरायचा काळा, किंचित वाकडा भाग. एका टोकाला दातांत धरायची चपटी बाजू, दुसऱ्या टोकाला पाइपच्या लाकडी दांडीत घुसणारी गोल खुंटी, आणि त्या खुंटीतून बोटाच्या पेरभर बाहेर आलेली ॲल्युमिनिअमची बारीक नळी. नळीचं पुढचं टोक बंद, बाजूला हवा जायला एक चीर. ही नळी मुळात हातानं उपसायची, पुसायची आणि परत बसवायची असते. ती निघत नव्हती. चीर पार बुजलेली होती, फुंकर मारली तर आपलेच गाल फुगत, पलीकडे काही जात नसे. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला, ती वस्तू दाराकडच्या उजेडाला धरली, काळ्या भागावरून अंगठा घासला आणि तो अंगठा नाकाशी नेला. "रबर हाय," ते म्हणाले. "चांगल्यातलं रबर हाय. आत ॲल्युमिनिअम. आता दोन्ही वाचलं तर वाचलं, पर अडलं म्हंजे एकाला मारायला लागतंय. नळी मारायची तर आत्ता ड्रिल घालून पोकळ करतो, चहा यायच्या आत घेऊन जावा. नळी पायजे असली तर येळ लागंल, आणि रबर चिरलं तर मला बोलायचं न्हाई." मागच्या लेथवर एक पोरगा बिडाचा जॉब लावून उभा होता, त्याची काळी भुकटी उडत होती. शेजारच्या मशीनवरच्या कटिंग ऑइलचा गोडसर, जरा मळमळवणारा वास सगळ्या शेडमध्ये भरला होता. मी म्हटलं, दोन्ही वाचवा. मिस्त्री हसले. "दोन्ही तर सगळ्यास्नीच पायजे असतंय, ताई. मालकाला इचारून या."

मालक म्हणजे मामा. वय ऐंशीच्या पुढे, मुक्काम मंगळवार पेठ, जिभेची धार शाबूत. कोल्हापुरात सिनेमा जोरात होता त्या काळात मामा एका स्टुडिओत प्रॉपर्टी सांभाळायचा. कंदील, पानाचे डबे, हुक्के, तलवारी, न वाजणारे टेलिफोन, पाटलाचा फेटा, डॉक्टरची बॅग, सगळं त्याच्या वहीत नोंदलेलं. दिग्दर्शक सकाळी म्हणायचा की नायिकेच्या बापाच्या हातात काहीतरी पाहिजे, आणि दुपारपर्यंत ते काहीतरी हजर करायची जबाबदारी मामाची. श्रीमंत बाप दाखवायचा तर जिना, जिन्यावरून उतरताना अंगात ड्रेसिंग गाऊन आणि हातात पाइप. गाऊन भाड्यानं मिळायचा. पाइप हा. कुणा निर्मात्याचा होता. चित्र अर्ध्यात अडकलं, पैसे आटले, आणि हिशेब मिटवताना काही लोकांना रोख रकमेऐवजी सामान घेऊन जा म्हणून सांगण्यात आलं. कुणी खुर्ची उचलली, कुणी पडदे. मामानं पाइप घेतला. मामी आजही म्हणते, खुर्ची आणली असती तर निदान बसायला झाली असती.

आता एवढ्या वर्षांनी पाइप कपाटातून बाहेर निघाला तो मामाच्या नातवामुळे. तो हौशी नाटकात काम करतो. या वर्षी त्याच्या वाट्याला निवृत्त न्यायाधीश आला आहे, आणि न्यायाधीश पाइप ओढतो असं संहितेतच लिहिलंय. मुलांनी ऑनलाइन एक प्लॅस्टिकचा पाइप मागवला. मामा कौतुकानं तालीम बघायला गेला आणि चिडून परत आला. मला वाटलं, प्लॅस्टिकमुळे. तसं नव्हतं. "प्लॅस्टिक असेना का," तो म्हणाला, "लांबून कोण बघतंय? पण आरपार भोक नाहीये त्याला! अगं, पाइप ओढतो तेव्हा लोक धूर बघत नाहीत, गाल बघतात. हवा आत गेली तर गाल आत जातात. भोकच नसेल तर नट काय करणार, नुसता चोखत बसणार. बाटली तोंडात दिलेलं पोर दिसतंय ते, न्यायाधीश नाही." मग कपाट उघडलं गेलं, मामीच्या लग्नातल्या शालूखालून एक कापडी पिशवी निघाली आणि पिशवीतून हा पाइप. आणि कळलं की याच्यातूनही हवा जात नाही.

मला तो पाइप आधी नाकानं आठवला. सुट्टीत मामाकडे गेलं की संध्याकाळी जिन्यात तो वास यायचा. तंबाखूचा तर होताच, पण त्यात लाकूड तापल्याचा, जुन्या कपाटाचा आणि थोडा गुळाच्या गुऱ्हाळाजवळून जाताना येतो तसला जळकट गोडवा मिसळलेला. मला तो फार आवडायचा. आवडायचा हे आता लिहितानाही जरा अवघडल्यासारखं होतं. लहान मुलांनी भरलेल्या खोलीत बसून माणूस धूर सोडतोय आणि कुणाला काही वाटत नाही, असा तो काळ होता. मामीला वाटायचं, पण तिला विचारलं कुणी होतं? ती खिडकी उघडायची. मामा ती थोड्या वेळानं लावायचा, कारण वाऱ्यानं विस्तव लवकर जळतो आणि पाइप तापतो. घरातलं एक मोठं भांडण खिडकीच्या एका कडीवरून वर्षानुवर्षं, एकही शब्द न बोलता चालू होतं.

शौकीन लोक पाइपसाठी खास डबाबंद तंबाखू वापरतात, भट्टीच्या उष्णतेवर वाळवलेली, ओलसर, सावकाश जळणारी. मामाला ती परवडायची नाही. मुंबईहून कुणी आणली तरच. एरवी तो निपाणीची वापरायचा. बिडीची तंबाखू, उन्हात वाळलेली, कडक, कोरडी. ती भसाभसा जळते, जिभेला चटका देते आणि मागे राळ सोडते. एकदा मामा मला आणि मामेभावाला निपाणीला घेऊन गेला होता. एका वखारीत त्याच्या ओळखीचे कुणी होते. दारातच नाकात काहीतरी घुसलं आणि आम्ही दोघं शिंकत सुटलो. आत बायका बसल्या होत्या, तोंडावर पदर गच्च बांधून, पुढ्यात तंबाखूचे ढीग. उन्हाच्या तिरिपीत पिवळी धूळ तरंगत होती. त्यातली एक आमच्याकडे बघून हसली, फक्त डोळ्यांनी, कारण बाकी चेहरा झाकलेलाच होता, आणि मग ती खोकायला लागली. शिंका आमच्या बाहेर आल्यावर थांबल्या. मामानं पिशवी भरून घेतली आणि आम्हाला स्टँडवर उसाचा रस पाजला.

तंबाखू पिकवणाऱ्यांचं काय चाललं होतं हेही मामाला ठाऊक होतं. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावरच ठाण मांडून बसले होते, बैलगाड्या आणि बायकापोरांसकट, तंबाखूला भाव द्या म्हणून. ६ एप्रिलला गोळीबार झाला. माणसं मेली. मामा सांगतो, त्यानंतर कितीतरी दिवस त्यानं पाइप पेटवला नाही. मामी लगेच सांगते, पेटवला नाही कारण तंबाखू मिळत नव्हती. दोघंही खरं बोलत असावेत.

पाइप सुटला तो शेवटी डॉक्टरांमुळे. गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा दिसला. तो वाईट वळणावर गेला नव्हता, पण जाऊ शकतो हे डॉक्टरांनी आरशात दाखवून सांगितलं. मामानं त्या दिवशी पाइप पिशवीत घातला आणि साफ न करताच घातला. नळी अडकली त्याचं मूळ इथं आहे. शेवटचा धूर, शेवटची ओल, सगळं त्या नळीभोवती तसंच राहिलं आणि वाळून चिकटलं.

ती नळी तिथं असते कशाला, हे समजून घेताना मला जरा मजा वाटली. तंबाखू जळते तेव्हा धुराबरोबर वाफ निघते. पानातला ओलावा असतो, शिवाय जळण्यातूनही पाणी तयार होतं. ते पाणी दांडीत साठतं, गुरगुर आवाज येतो आणि कडू घोट तोंडात येतो. त्यावर पाइप बनवणाऱ्यांनी नाना युक्त्या काढल्या. डब्लिनच्या पीटरसननं १८९० मध्ये दांडीतच ओल साठवणाऱ्या खळग्याचं पेटंट घेतलं. लंडनच्या डनहिलनं आत सरकवायची ॲल्युमिनिअमची नळी दिली. अमेरिकेत केवुडीनं भोकं पाडलेली धातूची बोंडी बसवली. कल्पना एकच. ॲल्युमिनिअम उष्णता झटकन घेतं, मग धूर त्याच्यावर आपटला की ओल तिथंच धरली जाते आणि पुढे जातो तो कोरडा, थंड धूर. जाहिरातींतून हेच विकलं गेलं. ओढणाऱ्यांतले पुष्कळ जण मात्र ही नळी काढूनच टाकत, कारण तिच्यामुळे ओढ अडते आणि साफ करायची तार आत शिरत नाही. हे मी मामीला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. "म्हणजे घाण आत जाऊ नये म्हणून घाण साठवायची सोय," ती म्हणाली. "आणि गालाला चट्टा पडायचा तो पडलाच." मला यात भर घालण्यासारखं काही सापडलं नाही.

काळं रबर हीदेखील साधी गोष्ट निघाली नाही. ते एबोनाइट. शाळेत लोकरी कापडावर घासून कागदाचे कपटे उचलायला दिलेली कांडी असायची, तेच. रबरात गंधक मिसळून तापवायची युक्ती चार्ल्स गुडइयरची, पेटंट १८४४ चं. त्याचा भाऊ नेल्सन यानं गंधक भरपूर वाढवून दगडासारखं कडक रबर केलं, त्याचं पेटंट १८५१ चं. उजेडात राहिलं की हे रबर हिरवट-तपकिरी पडतं, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि गंधक वर येऊन चव घाण करतं. मिस्त्रींनी अंगठा हुंगला तो त्यासाठी. तंबाखू भरायच्या वाटीचं लाकूड भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाजवळच्या गाठीचं असतं, सहजी जळत नाही. स्टुडिओतला सुतार मात्र शेवटपर्यंत म्हणत होता की ते शिसवीच आहे आणि साहेब लोक उगाच नावं देतात.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या काकांनी पेट्रोलमध्ये बुडवायला सांगितलं. मामेभावानं पकड आणली आणि नळीवर दोन चापट खुणा पाडून ठेवल्या. नातवानं कुठला तरी व्हिडिओ बघितला होता, त्यात पाइप फ्रीजरमध्ये ठेवतात आणि मग तो सुटतो. मामीनं फ्रीजरच्या दारावर हात ठेवला आणि विषय तिथं संपला. हे मी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मामी बरोबर. "फ्रीजमध्ये ठेवलासा तर रबर आवळणार. बाहेर रबर, आत नळी. आवळलं म्हंजे जास्तीच धरणार की." मी नंतर आकडे पाहिले. एक मीटर ॲल्युमिनिअम एका अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं, एबोनाइट जवळपास त्याच्या तिप्पट. गार केलं तर रबराचं भोक नळीपेक्षा जास्त आक्रसतं, ऊब दिली तर जास्त फाकतं. व्हिडिओतला माणूसही चुकीचा नव्हता. रबराची खुंटी लाकडी दांडीत अडकली असेल तर फ्रीजर चालतो, कारण तिथं रबर आत आणि लाकूड बाहेर. आमच्याकडे रबर बाहेर होतं. मिस्त्रींनी यातला एकही आकडा वाचलेला नसणार. पण ज्या माणसानं आयुष्यभर गरम करून बेअरिंग बसवली, त्याला कोण कुणाला आवळतं हे बोटांना माहीत असतं.

उद्यमनगरात गेलं की मला नेहमी वाटतं, या गावाला वस्तू खोलून बघायची जुनी सवय आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली इथंच सिनेमाचा कॅमेरा बनवला. दाते कापायचे, फिल्म पुढे सरकायला हवी तेवढीच सरकेल असं चक्र जुळवायचं, आणि हे सगळं घरच्या हत्यारांनी. पुढे त्याच गावात इंजिनं झाली, पंप झाले, ओतकाम झालं. त्या लोकांनी जे सिनेमे काढले त्यांच्या मागं मागं येणाऱ्या काळात मामा प्रॉपर्टीची वही घेऊन फिरत होता, आणि त्याच्या वहीतली एक वस्तू आता लेथवाल्याकडे आली होती. मिस्त्रींना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मालक काय म्हणाले? काय वाचवायचं?"

मामा काय म्हणाला होता? मामा म्हणाला होता, "रबर. नळी गेली खड्ड्यात."

हे मला आवडलं नव्हतं. तरी मी तेच सांगितलं. मग थोडं थांबून म्हटलं, पण जमलं तर नळीपण. मिस्त्रींनी मान हलवली. असल्या गिऱ्हाइकांची त्यांना सवय असावी.

पहिलं काम त्यांनी मलाच दिलं. मेडिकलमधून स्पिरिट आणायचं, चपट्या बाजूचं भोक कापसाच्या बोळ्यानं बंद करायचं, तो भाग उभा करून खुंटीच्या बाजूनं, नळीच्या कडेनं थेंब थेंब सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. स्पिरिटनं राळ विरघळते, एबोनाइटला धक्का लागत नाही. हल्लीच्या चकचकीत ॲक्रिलिकच्या असतील तर हे करायचं नाही, बारीक चिरा पडतात, असं त्यांनी बजावलं. मामीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तो भाग उभा केला. सकाळी बरणीच्या तळाशी काकवीसारखं काहीतरी जमलं होतं, काळपट तांबडं, आणि घरभर तो वास. मी दार उघडून आत आले आणि क्षणभर जिन्यात उभी असल्यासारखं झालं. मामा खुर्चीत बसून नाक वर करून होता. मामीनं काही न बोलता खिडकी उघडली. कडी लावायला या वेळी कुणी उठलं नाही.

मग परत शेड. आधी स्पिरिट पूर्ण सुकू दिलं, कारण ओल्यावर उष्णता लावली तर पेट घेईल. मिस्त्रींनी पकड हातात घेतलीच नाही. पकडीचे जबडे दोन, त्यात धरली की पोकळ नळी चेपते. चेपली की आतल्या आत फाटते आणि मग ड्रिलशिवाय इलाज नाही. त्यांनी नळीचं पुढचं बंद टोक कानशीनं जरासं घासून उघडलं, "एवढं मारतो, चालंल न्हवं?" असं विचारून, आणि आत नेमक्या जाडीची एक पोलादी पिन सरकवली. आतून पिन असल्यावर नळी चेपत नाही. मग ते टोक ड्रिलच्या चकमध्ये धरलं, तीन जबड्यांत, सगळ्या बाजूंनी सारखं. सोल्डरिंगचं तापलेलं टोक नळीला टेकवलं, रबराला नाही. धातूमधून ऊब हळूहळू आत जाऊ दिली. काळ्या भागाला कातड्याचा तुकडा गुंडाळला, कुठल्या तरी चपलेचा जुना पट्टा असावा, आणि मला म्हणाले, "ओढायचं न्हाई. फिरवायचं. ओढलं की तुटतंय." मशीन सुरू केलीच नाही. चक हातानं, केसभर इकडे, केसभर तिकडे. परत ऊब. परत केसभर. लेथवरचा पोरगा आपला जॉब सोडून बघायला आला होता. गंधकाचा वास यायला लागला की मिस्त्री थांबत, रबर गालाला लावून बघत आणि निवू देत. चहा आला, प्याला गेला.

निघाली तेव्हा आवाजही झाला नाही. चक एकदम अर्धा वेढा फिरला आणि मिस्त्रींचे हात एकमेकांपासून दूर गेले, एवढंच. नळी बाहेर. रबर अख्खं. नळीवर एक काळं कडं होतं, चकाकणारं आणि कडक, आणि ते सोडलं तर खालचा भाग नव्यासारखा पांढरा, कारण तिथवर कधी काही पोचलंच नव्हतं. मिस्त्रींनी काळ्या भागातून फुंकर मारली, टेबलावरची बिडाची भुकटी उडाली. "दीडशे द्या," ते म्हणाले. मी त्या रकमेवर खूश झाले. फुकट केलं असतं तर पुढची वस्तू घेऊन जाताना पाय अडखळला असता.

मग त्यांनी चपट्या बाजूवरचे खड्डे दाखवले. दातांचे. वर-खाली, दोन्ही बाजूंनी. काही खोल, काही उथळ. "हे पण काढून देऊ? जरा गरम केलं की वर येत्यात. रबर पहिल्यासारखं व्हायला बघतंय. लई खोल हायत ते न्हाई येणार, बाकीचं येतील." मी चटकन म्हटलं, नको, ते राहू देत. कुणाकुणाचे दात असतील ते! पडद्यावरच्या त्या श्रीमंत बापाचे, मामाचे, मधल्या काळात सेटवर गंमत म्हणून तोंडात धरणाऱ्या कुणाकुणाचे. वाचवायचं असेल तर हेच, असं काहीसं माझ्या डोक्यात सुरू झालं होतं. घरी जाताना मी ते मामाला कसं सांगायचं याची वाक्यंही जुळवत होते.

मामानं सगळं हातात घेतलं, नळी बाजूला ठेवली, खड्ड्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे का नाही काढले? पोराच्या तोंडात दुसऱ्याच्या दाताचे खड्डे द्यायचे? शी." माझी वाक्यं तशीच राहिली. मी म्हटलं, तुझेपण आहेत ना त्यात. "माझे तर आधी काढ," तो म्हणाला. "एवढा चावायचो मी? घाणच सवय." प्रॉपर्टी सांभाळणारा माणूस तो. वस्तू पुढच्या शॉटला तयार पाहिजे, एवढाच त्याचा धर्म. सेटवर मागच्या नटाच्या खुणा वस्तूवर राहू देणं म्हणजे कामचुकारपणा. मी ज्याला आठवण म्हणत होते त्याला तो डाग म्हणत होता, आणि वस्तू त्याची होती.

पातेल्यात पाणी तापवायचं ठरलं. मामीनं चहाचं पातेलं द्यायला साफ नकार दिला, माळ्यावरचं बूड वाकलेलं एक काढून दिलं आणि ते परत स्वयंपाकघरात येणार नाही हेही सांगून टाकलं. मिस्त्रींची ताकीद मी सांगितली. फक्त चपटी बाजू बुडवायची, पाणी उकळू द्यायचं नाही. सगळा भाग बुडवला तर बाक जाईल. हे रबर सरळ कांडी म्हणून जन्माला आलेलं असतं, वाकवलंय ते नंतर तापवून, त्यामुळे ऊब मिळाली की ते परत सरळ व्हायला निघतं. मामी दारात उभी राहून ऐकत होती. "घाला की मग सगळाच," ती म्हणाली. "या घरात तेवढं तरी काहीतरी सरळ होऊ दे." मामा हसला नाही, पण त्याचा हात हलला आणि पाणी त्याच्या मनगटावर उडालं.

उथळ खड्डे आले वर. दोन खोल राहिले, वरच्या बाजूला एक आणि खाली एक, समोरासमोर. मामा म्हणाला, ते आपले नाहीत, आपले तिथले दात पडून जमाना झाला. वर आलेला हिरवट थर पॉलिश पेपरनं पाण्याखाली घासून काढला, मग सगळं साबणानं धुतलं. नळी परत बसवायची का, असं मी विचारलं. हवा अडते ना तिच्यानं, मग कशाला, असं म्हणून त्यानं ती मामीच्या सुईदोऱ्याच्या डब्यात टाकली. मामीनं ती तिथून काढून भंगारवाल्याच्या पिशवीत टाकली. पकडीच्या खुणा, कानशीनं घासलेलं टोक आणि ते काळं कडं यांच्यासकट ती गेली. एवढी जपून काढलेली वस्तू! मला वाईट वाटलं, आणि मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण बोलले असते तर दोघंही एका सुरात हसले असते आणि ते दृश्य फार दुर्मीळ आहे.

पाइप रिकामाच आहे, तंबाखू नाही, काडी पेटवायची नाही, हे मामीनं नातवाकडून शपथेवर वदवून घेतलं. तालमीला मीही गेले. दुसऱ्या अंकात न्यायाधीश खिडकीपाशी उभा राहतो, पाइप तोंडाला लावतो आणि मग साक्षीदाराला प्रश्न विचारतो. पोरानं ओढलं. गाल आत गेले, अगदी हवे तेवढे. मी मामाकडे बघितलं. तो पुढे सरकून, खुर्चीच्या कडेला बसला होता. पोरानं पाइप खाली घेतला आणि लगेच वाक्य सुरू केलं, तेवढ्यात मामा ओरडला, "अरे थांब की! बोलतोस काय लगेच? धूर अजून आत आहे तुझ्या!"